टेरेन बोर्डसाठी फोम: खरेदी, तपासणी आणि कापणीच्या नोंदी

५ जानेवारी: कामाची यादी

मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती हलवून खेळायच्या खेळासाठी डोंगर-नदीसारखी जमीन (टेरेन) दाखवणारे टेबल. टेबल १८०० × १२०० मिमी, म्हणजे ६०० × ६०० चे सहा बोर्ड. मिनिएचर २८ मिमी मापाचे. चार बोर्ड सपाट, दोन बोर्डांतून २० मिमी खोल नदी. शिवाय तीन सुट्या टेकड्या, कड्याचे तुकडे आणि दगड-विटांच्या भिंती.

फोम शोधायला निघण्याआधी एवढे कागदावर हवेच. सपाट बोर्डाला कोपराचा दाब सोसणारा फोम लागतो. टेकडीच्या पोटात काहीही चालते. विटांच्या भिंतीला पेन्सिलची रेघ न फाटता उमटेल असा घट्ट, बारीक दाण्याचा फोम लागतो. एकाच फोमकडून तिन्ही कामे करून घ्यायला गेले की एक काम नक्की बिघडते.

मापाचा एक निर्णय आत्ताच. सहा बाय चार फुटांचे टेबल म्हणजे १८२९ × १२१९ मिमी. मीटरच्या मापातली शीट ६०० मिमी रुंद येते, त्यामुळे आपले टेबल लांबीत २९ आणि रुंदीत १९ मिमी लहान राहील. खेळाला याने फरक पडत नाही. पण दोन फुटी, म्हणजे ६१० मिमीचे बोर्ड शेजारी लावायचे असतील तर कोपरे कधीच जुळणार नाहीत. इथे सगळे बोर्ड नवे आहेत, म्हणून ६०० च. शीट ज्या मापात मिळते त्यावर बोर्ड बेतायचा. उलटे केले तर प्रत्येक शीटमागे जोडपट्टी लावावी लागते आणि तो सांधा रंगाखालूनही दिसतो.

८ जानेवारी: कोणता फोम कशासाठी

एक्सपीएस, म्हणजे एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन. बंद पेशींचा, एकजीव, दाणे नसलेला. घनता साधारण २८ ते ४५ किलो प्रति घनमीटर. कापता येतो, घासता येतो, त्यावर कोरताही येते. बोर्ड, नदी आणि भिंतींसाठी हाच.

ईपीएस, म्हणजे पांढरा दाणेदार थर्माकोल. पॅकिंगमधला साधारण १५ किलोच्या आसपासचा असतो. चाकूने कापला की दाणे उपटून येतात आणि कड चावल्यासारखी होते. गरम तारेने मात्र स्वच्छ कापला जातो. त्यावर रेघा कोरता येत नाहीत. पण सगळा ईपीएस टाकाऊ नव्हे. जमिनीखालच्या इन्सुलेशनसाठी येणारा १५० किंवा २०० ग्रेडचा ईपीएस चांगला कडक असतो. ग्रेडचा आकडा म्हणजे जाडी १० टक्के दबवायला लागणारा दाब, किलोपास्कलमध्ये. एक्सपीएस मिळालाच नाही तर सपाट बोर्डासाठी २०० ग्रेड बिनधास्त घ्यावा. ग्रॅफाइट मिसळलेला राखाडी ईपीएस उन्हात पटकन तापतो आणि वाकतो. कापणी सावलीत असेल तरच तो घ्यायचा.

पीआयआर, म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेट: फॉइल चिकटवलेली पिवळट शीट. हिला गरम तार अजिबात लावायची नाही. हा फोम वितळत नाही, जळतो, आणि त्या धुरात आयसोसायनेट व हायड्रोजन सायनाइड असू शकते. चाकूने कापला तरी बारीक भुकटी होते आणि त्या भुकटीवर रंग बसत नाही. फुकट मिळाला तरी नको.

सनबोर्ड, म्हणजे फोम केलेले पीव्हीसी: घरांच्या भिंती, दारे, पूल यांसाठी छान, पण कापायचे फक्त चाकूने. तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुले खोचायचा हिरवा फोम बोटाने दाबला तरी चुरतो, म्हणून तो बाद.

ओळख पटत नसेल तर कोपऱ्यावर ॲसिटोनचा एक थेंब टाकायचा. पॉलिस्टायरीन असेल तर तिथे लगेच खळगा पडतो. पीआयआर किंवा पॉलियुरेथेन तसाच राहतो. वाकवून सोडल्यावर पुन्हा सरळ होणारा मऊ पॅकिंग फोम पॉलिथिलीनचा असतो. त्यावर रंग किंवा डिंक टिकत नाही.

१२ जानेवारी: मिळण्याची ठिकाणे

हस्तकलेच्या दुकानातला एक्सपीएस छोट्या तुकड्यांत येतो. भिंतींना तो पुरतो, बोर्डांना नाही. मोठी शीट बांधकामाच्या साखळीत शोधायची: इन्सुलेशनचे पुरवठादार, शीतगृहे उभारणारे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारे, जमिनीखाली हीटिंग बसवणारे.

विचारताना "मॉडेलसाठी फोम" म्हणू नये. समोरचा माणूस हाताला लागेल ते देतो. नेमके सांगायचे: एक्सपीएस, जाडी ५० मिमी, सरळ कड, गुळगुळीत पृष्ठभाग, ३०० किलोपास्कल. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. "गुळगुळीत" सांगितले नाही तर प्लास्टर धरून ठेवण्यासाठी जाळीदार ठसे उमटवलेली शीट हातात येऊ शकते. ते ठसे घासून काढताना जाडीही जाते.

पुरवठादार बहुधा अख्खा गठ्ठा विकतात. गठ्ठ्याची उंची साधारण ४०० मिमी धरली तर ५० मिमीच्या आठ शीट होतात. आपल्याला ५० च्या दोनच हव्यात. म्हणून फुटलेला गठ्ठा किंवा कोपरा दुमडलेली शीट मागायची. बांधकामाला नको असलेली ती शीट आपल्याला चालते, कारण ती कापलीच जाणार आहे. नाहीतर तीन-चार जणांनी मिळून गठ्ठा घ्यावा.

बांधकामावरचे उरलेले तुकडे साइटवरच्या जबाबदार माणसाला विचारूनच उचलावेत. ते उन्हात पडून असतील तर वरचा थर पिवळा आणि भुरभुरीत झालेला असतो. तो एक-दोन मिमी घासून काढला की खाली चांगला फोम मिळतो. मात्र पाडकामातून आलेला जुना फोम गरम तारेखाली घ्यायचा नाही. पूर्वीच्या इमारतींच्या पॉलिस्टायरीनमध्ये आग रोखण्यासाठी एचबीसीडी हे ब्रोमिनयुक्त रसायन घालत. २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराने ते बंद करायच्या यादीत टाकले. असा फोम घासणे किंवा वितळवणे टाळलेलेच बरे.

पातळ शीटसाठी दोन वाटा. लॅमिनेट फ्लोअरिंगखालचा ५–६ मिमीचा एक्सपीएस सहज मिळतो, पण तो हलका आणि बऱ्याचदा खाचा पाडलेला असतो. कोरताना फाटतो. विजेच्या फ्लोअर हीटिंगखाली घालतात ती ६ आणि १० मिमीची शीट बरीच घट्ट असते. विटांसाठी ती. टाइल बसवण्यासाठी येणाऱ्या बोर्डाच्या पोटातही एक्सपीएसच असतो, पण दोन्ही बाजूंना जाळी आणि सिमेंटचा थर असतो. तो सोलण्यात वेळ जातो आणि पाते बोथट होते. उलट, थर तसाच ठेवून सपाट बोर्ड करायचा असेल तर यासारखी मजबूत वस्तू नाही.

ठरलेली मागणी: ५० मिमीच्या दोन शीट, ३० मिमीच्या दोन, २० मिमीची एक, १० मिमीची एक. टेकड्यांच्या पोटासाठी फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातला ईपीएस.

१६ जानेवारी: रंग पाहू नका, वजन करा

गुलाबी चांगला की निळा, हा प्रश्न वारंवार येतो. रंग ही कंपनीची ओळख आहे, प्रतीची नाही. ओवेन्स कॉर्निंगचा एक्सपीएस गुलाबी, बीएएसएफचा स्टायरोडूर हिरवा, स्टायरोफोम वर्षानुवर्षे निळा होता. तोच स्टायरोफोम उत्तर अमेरिकेत २०२१ च्या सुमारास, फुगवणारा वायू बदलल्यावर, राखाडी झाला. एकाच रंगात कमी-जास्त ताकदीचे ग्रेड येतात.

म्हणून काटा. १२५० × ६०० × ५० मिमीची शीट म्हणजे ०.०३७५ घनमीटर. वजन १.२ किलो भरले तर घनता ३२. कोरीव कामाला उत्तम. वजन ०.९५ किलो भरले तर साधारण २५. बोर्डाला चालेल, विटांना नाही. शीट काट्यावर मावत नसेल तर १०० × १०० × ५० मिमीचा तुकडा कापून तोलायचा. तो अर्धा लिटर भरतो, म्हणून ग्रॅममधल्या वजनाची दुप्पट केली की घनता मिळते. १६ ग्रॅम म्हणजे ३२.

काटा नसेल तर नख. अंगठ्याचे नख कडेवर, कारखान्यातली गुळगुळीत त्वचा नसलेल्या जागी रोवायचे. घट्ट फोमवर स्वच्छ चंद्रकोर उमटते. हलक्या फोमवर आजूबाजूचाही भाग खचतो.

बाक तपासायला दोन शीट समोरासमोर ठेवायच्या आणि मध्ये फट किती ते पाहायचे. ही फट दोन्ही शीटच्या बाकाची बेरीज असते. एका शीटला पूर्ण लांबीत ३ मिमीपर्यंत बाक चालतो, कारण ६०० वर कापल्यावर तो बराच कमी होतो. त्याहून जास्त असेल तर ती शीट टेकड्यांकडे.

१७ जानेवारी: खाचेच्या कडेचा घोटाळा

हे स्वतंत्र लिहिण्याइतके महत्त्वाचे. गच्चीच्या कामाची शीट बऱ्याचदा खाचेच्या कडेची असते. एका शीटची ओठासारखी अर्धी जाडी दुसरीवर चढते. एका प्रचलित मापात लेबलवर १२६५ × ६१५ असते आणि झाकणारे माप १२५० × ६००. वाचताना वाटते, ६०० सहज निघेल. निघत नाही. चारही बाजूंना १५ मिमीची अर्धी जाडी असते, म्हणून पूर्ण जाडीचा भाग १२३५ × ५८५ एवढाच उरतो.

अशी शीट घ्यावीच लागली तर दोन पर्याय आहेत. सगळे बोर्ड ५८० चे करायचे आणि टेबल १७४० × ११६० स्वीकारायचे. किंवा खाचेत त्याच फोमची २५ मिमी जाड पट्टी भरायची. दुसरा पर्याय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात बोर्ड हाताळताना सर्वात आधी कड ठोकली जाते आणि पट्टी तिथूनच सुटते. म्हणून सरळ कड मिळेपर्यंत थांबलेले चांगले.

सरळ कडेच्या १२५० च्या शीटमधून दोन बोर्ड निघतात आणि सुमारे ५० मिमी रुंद, ६०० लांब पट्टी उरते. ती जपून ठेवायची. तिच्यातून विटा होणार आहेत.

२० जानेवारी

साठवण आडवी, सपाट जमिनीवर. भिंतीला टेकवून ठेवलेली पातळ शीट काही दिवसांत बाक धरते. गाडीच्या टपावर नेताना दोराखाली लाकडी पट्टी घालायची, नाहीतर दोर कडेत रुततो. बंद गाडीत उन्हात ठेवू नये. एक्सपीएस साधारण ७५ अंशांपर्यंतच्या वापरासाठी असतो आणि काचेमागे तापलेल्या गडद पृष्ठभागाला त्या आसपास पोचायला वेळ लागत नाही.

२६ जानेवारी: कापणी

चाकूने सरळ काप: १८ मिमी रुंदीचे तुकडे पडणारे पाते, पूर्ण बाहेर काढलेले, फोमशी कमी कोन. ५० मिमी एका दमात कापायला गेले की पाते आत वळते आणि कड तिरकी होते. पोलादी पट्टी धरून पहिला काप ५ मिमी खोल घ्यायचा, मग त्याच खाचेतून तीन-चार वेळा फिरायचे. कुईई असा आवाज येऊन कडेवर फाटे दिसले की पात्याचे टोक मोडायचे. ही काटकसरीची जागा नाही. कोपरे गुण्याने तपासायचे. सहा बोर्ड जुळवताना अर्ध्या अंशाची चूक ६०० मिमीवर ५ मिमी फट देते.

गरम तार: ०.२ मिमी निक्रोमचा रोध मीटरला सुमारे ३५ ओहम. ३०० मिमी तारेला १०.५ ओहम, म्हणजे १० व्होल्टवर जेमतेम १ अँपिअर. लहान टेबल-कटरला एवढे पुरते. ६५० मिमीच्या धनुष्याला ०.४ मिमी तार घ्यायची: मीटरला सुमारे ८.७ ओहम, एकूण ५.७, आणि १२ व्होल्टवर २.१ अँपिअर. पुरवठा ३ अँपिअरचा आणि व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा हवा. तार तापली की लांबते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग आवश्यक.

तार लाल दिसता कामा नये. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. त्याहून बरीच तापलेली तार फक्त जास्त धूर करते, आणि त्या धुरात स्टायरीन असते. खिडक्या उघड्या, पंखा बाहेर हवा टाकणारा. बरोबर तापमानाची खूण म्हणजे कापामागे केसासारखे बारीक धागे. काप रुंद आणि काचेसारखा चकचकीत झाला तर व्होल्टेज उतरवायचे. तार ओढावी लागली तर चढवायचे. फोम घाईने ढकलला तर तारेचा मध्य मागे राहतो आणि कापलेला पृष्ठभाग बाहेरून सपाट पण मध्ये फुगीर निघतो.

ईपीएस आणि एक्सपीएस एकत्र चिकटवून एका कापात आकार द्यायचा नाही. हलका फोम जास्त वितळतो आणि सांध्यावर पायरी पडते. टेकडीचे पोट आधी वेगळे कापायचे, वरचा थर नंतर.

उरलेल्या ५० मिमीच्या पट्ट्यांतून टेबल-कटरवर ६ मिमीचे काप घेतले. आधी पट्टीच्या दोन्ही बाजूंची कारखान्यातली गुळगुळीत त्वचा १ मिमी काप घेऊन टाकली. त्वचेवर ना रेघ नीट उमटते ना रंग धरतो. तिच्याखालचा फोम विटांना सर्वोत्तम. बॉलपेनने रेघा ओढायच्या, मग चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून दगडाचा खडबडीतपणा द्यायचा.

२ फेब्रुवारी: नदीचे बोर्ड आणि जाडीचा हिशेब

५० मिमीच्या फोममध्ये नदी कोरली तर तळ सपाट येत नाही. म्हणून ते दोन बोर्ड ३० + २० असे दोन थरांचे. वरच्या २० मधून पात्र आरपार कापायचे आणि काठाचा उतार चाकूने द्यायचा. तळ म्हणजे ३० ची कारखान्यातली सपाट बाजू. नदी कडेला जिथे पोचते तिथे पुठ्ठ्याचा एकच साचा दोन्ही बोर्डांना वापरायचा.

अडचण जाडीची. शीटच्या जाडीत एक-दोन मिमी फरक कारखान्याच्या मान्य मर्यादेतच असतो. ३० ची शीट २९ आणि २० ची १९ भरली तर नदीचा बोर्ड ४८, शेजारचा ५१. तीन मिमीची पायरी मिनिएचर हलवताना हाताला लागते आणि सावली पडून दिसतेही. प्रत्येक बोर्डाचे चारही कोपरे कॅलिपरने मोजून आकडा खालच्या बाजूला लिहिला. कमी भरणाऱ्या बोर्डाखाली जाड पुठ्ठा चिकटवायचा. जास्त भरणारे घासायचे नाहीत, कारण घासताना नवा उंच-सखलपणा येतो.

९ फेब्रुवारी: चिकटवण

पांढरा पीव्हीए डिंक पाणी उडाल्यावर घट्ट होतो. दोन एक्सपीएस शीटच्या मध्ये पाण्याला वाट नसते. कडेला वाळलेला दिसतो आणि मध्ये दिवसेंदिवस ओला राहतो. ६०० × ६०० च्या जोडाला तो नकोच. विटा, खडे, वाळू यांना उत्तम.

मोठ्या जोडाला पॉलियुरेथेन डिंक: एका बाजूला पातळ थर, दुसरी बाजू ओल्या कापडाने पुसलेली. तो फुगतो, म्हणून वर सपाट फळी आणि भरपूर वजन ठेवून किमान चार तास सोडायचे. वजन कमी पडले की वरचा थर उचलला जातो आणि मोजलेल्या जाडीचा सगळा हिशेब बिघडतो. नदीच्या कडेने डिंक २० मिमी आत थांबवायचा, नाहीतर पात्रात फेस येतो.

स्प्रेचा साधा कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह फोम खातो. डब्यावर पॉलिस्टायरीनला चालतो असे लिहिलेले असले तरच वापरायचा. जिथे पुढे गरम तार फिरणार आहे तिथे वाळलेला डिंक किंवा टूथपिक ठेवायची नाही. तार तिथे अडकते आणि कापात खड्डा पडतो.

१४ फेब्रुवारी

१० मिमीच्या शीटवर एका बाजूने डिंक-वाळूचा थर दिला की वाळताना तो आकसतो आणि शीट त्या बाजूला वाकते. उपाय: मागच्या बाजूलाही तसाच पाणी मिसळलेला डिंक, त्याच दिवशी. किंवा आधीच ३ मिमी एमडीएफवर (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवायचे, एमडीएफच्या कडा वार्निशने बंद करून. ५० मिमीच्या बोर्डांना हा त्रास जाणवत नाही, आणि सपाट बोर्डासाठी जाड शीट घेण्याचे खरे कारण हेच आहे.

२१ फेब्रुवारी: आवरण

स्प्रे कॅनमधले द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतात. म्हणून पहिला थर काळा ॲक्रिलिक रंग आणि पीव्हीए, समान भाग, ब्रशने, दोन हात. भेगा आणि रेघांच्या तळापर्यंत पोचला पाहिजे. एक सुईएवढे भोक राहिले तरी स्प्रे तिथून आत शिरतो आणि वरची कातडी तशीच ठेवून खाली पोकळी करतो. बोटाने दाबल्यावरच कळते. शंका असेल तिथे स्प्रे न मारता ब्रशनेच रंग.

घासताना मास्क. भुसा स्थिर विजेने सगळीकडे चिकटतो. ओल्या कापडाने पुसला तरच जातो, झाडूने फक्त जागा बदलतो.

२७ फेब्रुवारी: नदीत रेझिन

पॉलिएस्टर रेझिन इथे चालत नाही. त्यातले स्टायरीन फोम विरघळवते. इपॉक्सीच घ्यायचे. तरी घट्ट होताना ते तापते आणि थर जितका जाड तितके जास्त. एका वेळी ३ मिमी, आधीचा थर थंड झाल्यावर पुढचा. पात्राच्या तळाला आणि काठांना आवरणाचा आणखी एक हात आधीच दिलेला हवा. बोर्डाच्या कडेला, जिथे नदी बाहेर पडते, प्लास्टिकची पट्टी आणि टेप लावून बांध. टेपच्या खालच्या कडेवर नखाने दाब दिला नाही तर रेझिन रात्रभर झिरपून निम्मे होते.

३ मार्च: उरलेला फोम

३० मिमीच्या दुसऱ्या शीटमधून तीन टेकड्यांचे थर निघाले. पायऱ्यांची रुंदी किमान ४० मिमी ठेवली, म्हणजे मिनिएचरचा ३२ मिमीचा तळ निर्धास्त उभा राहतो. पोटात ईपीएस. कड्यांसाठी टेकड्यांचे कोपरे वापरले.

उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर जाडी आणि मोजलेली घनता मार्करने लिहून ठेवली. ३० च्या वरच्या घनतेचा घट्ट एक्सपीएस वेगळ्या पेटीत, भिंती व पायऱ्यांसाठी. त्याहून हलका तुकडा खडक आणि पोटासाठी. मार्कर पाण्याचा वापरावा. स्पिरिटचा मार्कर काही फोमवर बारीक खाच पाडतो आणि त्याची शाई फिकट रंगाच्या थरातून वर येते.